दहा सेकंदांचा इतिहास
(द्वितीय वर्ष कला)

यंदा आपल्या महाविद्यालयाच्या सभागृहात माध्यमिक शाळांची आंतरशालेय इतिहास प्रश्नमंजूषा स्पर्धा भरली होती. इतिहास मंडळाचा सभासद या नात्याने माझ्याकडे वेळाधिकाऱ्याचे काम आले. समोर घड्याळ, हाताशी पितळी घंटी. दहा सेकंद झाले की घंटी वाजवायची, एवढेच. स्पर्धा आटोपल्यावर खुर्च्या रचून ठेवताना एक वर्गमित्र म्हणाला, “यात विशेष काय आहे रे? सनावळ्या पाठ करायच्या आणि म्हणून दाखवायच्या. पोपटही करील.” शेजारी उभे असलेले आमचे सर हसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “तू शाळेत असताना खेळलास ना? मग याला उत्तर दे. पण तोंडी नको, वार्षिक अंकात दे.”

तेच हे उत्तर. मी काही कसलेला लेखक नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई रोजाने शेतावर जाते. घरात छापील कागद म्हणजे किराणा बांधून आलेले वर्तमानपत्र आणि भिंतीवरची दिनदर्शिका. अशा घरातल्या मुलाला इतिहासाची गोडी लागली ती या स्पर्धेमुळे, आणि इतिहास म्हणजे काय याचा पहिला धडाही मिळाला तो याच स्पर्धेत हरल्यामुळे. म्हणून पोपटाचा आरोप मला थोडा लागला, हे कबूल करतो.

प्रथम स्पर्धा चालते कशी, ते सांगतो. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत साधारणपणे एका शाळेचा एक संघ, आणि संघात तीन विद्यार्थी असतात. आलेल्या सर्व संघांना आधी एक लेखी परीक्षा द्यावी लागते. तिला चाळणी फेरी म्हणतात. तिघांनी मिळून एकच उत्तरपत्रिका लिहायची. या चाळणीतून पाच-सहा संघ वर येतात आणि तेच व्यासपीठावर बसतात. आमच्या वेळी सहा संघांना सहा किल्ल्यांची नावे दिली होती. आम्ही तोरणा होतो आणि पहिल्या टेबलावर होतो. सहाव्या टेबलावर राजगड होता.

व्यासपीठावरची पहिली फेरी असते ती थेट प्रश्नांची. प्रश्न क्रमाने एकेका संघाला विचारतात. बरोबर उत्तराला दहा गुण. उत्तर चुकले किंवा आलेच नाही, तर तोच प्रश्न पुढच्या संघाकडे सरकतो आणि त्याचे पाच गुण होतात. वरवर पाहता ही फेरी अगदी सरळ वाटते, पण हिच्यात एक हिशेब दडलेला आहे. सहा संघांना प्रत्येकी चार प्रश्न म्हटले तर एकूण चोवीस प्रश्न होतात. त्यातले आपल्या वाट्याचे फक्त चार. उरलेले वीस प्रश्न दुसऱ्यांचे असतात, आणि तेही सरकत सरकत आपल्यापाशी येऊ शकतात. म्हणजे जो संघ केवळ स्वतःच्या प्रश्नाची वाट पाहत बसतो आणि इतरांचा प्रश्न चालू असताना सभागृहातली माणसे मोजतो, तो अर्ध्याहून अधिक संधी हातची घालवतो. शिवाय आपल्या आधीच्या टेबलावर कच्चा संघ असेल तर आपले भाग्य उजळते, पक्का असेल तर आपल्यापर्यंत काही पोहोचतच नाही. हा बसण्याच्या जागेचा अन्याय दूर करण्यासाठी जाणते संयोजक शेवटची थेट फेरी उलट क्रमाने घेतात. सहाव्या संघापासून आरंभ आणि पहिल्या संघापाशी शेवट. ही उलटी फेरी पुढे माझ्या हकिगतीत येणार आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

दुसरी फेरी चित्रांची. किल्ला, नाणे, लेणे, पत्रावरची मुद्रा यांचे चित्र दाखवतात आणि ओळखायला सांगतात. तिसरी बझरची. प्रश्न सर्वांना एकदम, जो आधी बझर दाबील त्याने सांगायचे. येथे चुकीच्या उत्तराला पाच गुण उणे होतात, म्हणून हात आणि जीभ दोन्ही आवरावी लागतात. चौथी, आणि माझ्या मते सर्वांत सुंदर, ती सूत्रफेरी. येथे एकाच उत्तराची तीन सूत्रे असतात. पहिले सर्वांत कठीण. तेवढ्यावर ओळखले तर तीस गुण. दुसऱ्या सूत्रावर वीस आणि तिसऱ्यावर दहा. मात्र एकदा उत्तर देऊन चुकलात की त्या प्रश्नापुरते तुम्ही बाद.

नमुन्यादाखल एक प्रश्न येथे मांडतो. पहिले सूत्र असे: याने वसवलेल्या नगराला जमिनीखालून नळांनी पाणी आणले होते. दुसरे: १६२४ साली भातवडीच्या लढाईत याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजांचा पराभव केला. तिसरे: आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हा पुरुष निजामशाहीचा वजीर झाला. तिसऱ्या सूत्राला सभागृहातले सगळे हात वर होतील, कारण मलिक अंबर हे नाव पाठ्यपुस्तकात आहे. पहिल्या सूत्राला मात्र ज्याने ते नाव नुसते पाठ केले आहे तो गप्प बसेल, आणि ज्याने त्या माणसाच्या कामाविषयी वाचले आहे तोच बोलेल. पाठांतर आणि जाणकारी यांच्यातला फरक तीस आणि दहा गुणांच्या मापाने मोजणारी ही फेरी आहे.

प्रश्न कठीण सूत्राकडून सोप्याकडे नेण्याची ही रीत परदेशांतही रुळलेली आहे. अमेरिकेत केवळ इतिहासाच्या प्रश्नांसाठी ‘नॅशनल हिस्टरी बोल’ नावाची शालेय संघांची स्पर्धा २०१०-११ पासून भरते. तिच्या अखेरच्या भागातही प्रश्न लांबलचक असतो आणि उत्तर जितके लवकर येईल तितके गुण अधिक, म्हणजे तीस, वीस किंवा दहा. आपल्या देशात या खेळाचा इतिहास त्याहून जुना आहे. १९६७ मध्ये कलकत्त्यात नील ओब्रायन यांनी घेतलेली स्पर्धा ही भारतातील पहिली रीतसर खुली प्रश्नमंजूषा मानली जाते. १९७२ मध्ये सुरू झालेली बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट रेडिओवरून घरोघर पोहोचली, आणि १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांच्या ‘क्विझ टाइम’ने दूरदर्शनच्या प्रेक्षकांना खुर्चीला खिळवून ठेवले. या सर्व स्पर्धा मुख्यतः इंग्रजीतल्या आणि शहरांतल्या. तालुक्याच्या गावी मराठीतून इतिहासाचे प्रश्न विचारणारी स्पर्धा भरते, तेव्हा तिच्यामागे बहुधा एखाद्या शिक्षकाची हौस आणि पदरमोड असते. आमच्या शाळेतले इतिहासाचे गुरुजी असेच होते.

आता आमच्या संघाविषयी. मी नववीत होतो. वर्गात पहिला येत असे, म्हणून कर्णधार झालो. दुसरी माझ्या वर्गातली एक मुलगी. अक्षर सुरेख, आवाज इतका हळू की हजेरी देतानासुद्धा गुरुजींना दोनदा नाव घ्यावे लागे. तिसरा एक मुलगा, आमच्या गावाहून पाच कोसांवरून सायकल मारीत येणारा. अभ्यासात बेताचा, पण गड-किल्ले, वाडे, बारवा म्हटले की त्याच्या अंगात येई. गुरुजींनी कामाची वाटणी करून दिली. सनावळ्या आणि लढाया माझ्याकडे, माणसे आणि समाजसुधारणा तिच्याकडे, वास्तू आणि चित्रे त्याच्याकडे.

विकतची पुस्तके आणणे आम्हाला शक्य नव्हते. आम्ही जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. पत्रिकेची मागची बाजू कोरी असते. ती कापून पत्ते केले. एका अंगाला प्रश्न, दुसऱ्या अंगाला उत्तर. मधल्या सुट्टीत चिंचेखाली बसून एकाने पत्ता उचलायचा आणि दोघांनी सांगायचे. वार्षिक परीक्षेपर्यंत चारशेच्या वर पत्ते झाले. माझी आई वाचू शकत नाही, पण संध्याकाळी भाकरी थापताना ती पत्त्यांचा गठ्ठा समोर ठेवून घेई आणि मी चाचरलो की म्हणे, “थांबलास म्हंजी येत न्हाई. तो पत्ता बाजूला काढ.” तिच्याइतका कडक परीक्षक मला पुढे भेटला नाही.

सनावळ्या लक्षात ठेवण्याची एक युक्ती गुरुजींनी दिली, ती आज बी. ए.च्या अभ्यासातही उपयोगी पडते. ते म्हणत, साल एकटे पाठ करू नये, शेजाऱ्यासह करावे. १८५७ म्हटले की आपल्याला उठाव आठवतो. पण त्याच वर्षी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठेही स्थापन झाली. एकीकडे तोफा आणि एकीकडे परीक्षेचे पेपर. १८४८ मध्ये डलहौसीने वारस नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा केले, आणि त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. दोन गोष्टी एका वर्षात बसल्या की मन आपोआप विचारू लागते: हे एकाच वेळी कसे? ज्या मुलाच्या मनात हा प्रश्न उठला, त्याला पोपट म्हणता येईल काय?

स्पर्धा जिल्ह्याच्या ठिकाणी होती. तेव्हा त्याला अहमदनगर म्हणत, आता अहिल्यानगर झाले. आम्ही पहाटेच्या एस. टी.ने गेलो. सभागृहात पाय ठेवला आणि माझे अवसान गळाले. शहरातल्या शाळांची मुले कोट घालून आली होती. त्यांच्याजवळ जाड जाड वह्या होत्या, आणि ती आपापसांत इंग्रजीत बोलत होती. माझ्या हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा, वर सुतळी बांधलेली. मी तो पिशवीत लपवला. आणि त्या क्षणी माझ्या मनाने काहीतरी ठरवून टाकले: आज चुकायचे नाही, आणि ध्वनिक्षेपक कोणाच्या हाती द्यायचा नाही. आज मागे वळून पाहताना वाटते की आमच्या पराभवाला तेथूनच आरंभ झाला. पण तेव्हा मला तो निर्धार वाटला होता.

चाळणी फेरी आम्ही पार केली. सूत्रफेरीत आमचे नशीब उघडले. प्रश्न सुरू झाला: “या सेनापतीने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, असे सांगतात...” मी डोक्यातले पत्ते चाळू लागलो. माझ्याकडे लढायांची सालेच होती, त्यांत पाणी कोठेच नव्हते. इतक्यात आमचा सायकलवाला गडी माझ्या हातातून ध्वनिक्षेपक जवळजवळ हिसकावून घेत म्हणाला, “मलिक अंबर.” तीस गुण! भातवडी म्हणजे आजचे भातोडी, आणि त्याचे गाव तिथून हाकेच्या अंतरावर. तो तलाव त्याच्या रोजच्या पाहण्यातला. लहानपणी गुरे पाण्यावर नेताना त्याने ही गोष्ट म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकली होती. आमच्या चारशे पत्त्यांत ती नव्हती.

मला आनंद झाला. पण खरे सांगतो, थोडा रागही आला. ध्वनिक्षेपक माझ्या हातातून गेला होता.

होता होता शेवटची थेट फेरी आली, ती उलट क्रमाची. राजगडापासून सुरुवात झाली आणि एकेक संघ करीत शेवटचा प्रश्न आमच्यापाशी आला. राजगडाचे ऐंशी गुण, आमचे पंचाहत्तर. उत्तर बरोबर आले तर पंच्याऐंशी होऊन ढाल आमची. सभागृह शांत झाले. प्रश्न असा होता: “शके १५८५, माघ शुद्ध पंचमी. या दिवशी शहाजीराजांचे कर्नाटकात होदिगेरे येथे निधन झाले. तेव्हा इसवी सनाचे कोणते वर्ष चालू होते?”

शहाजीराजांच्या मृत्यूचे साल माझ्या पत्त्यांत नव्हते. पण सूत्र मला पाठ होते: शकात अठ्ठ्याहत्तर मिळवा की इसवी सन येतो. १५८५ अधिक ७८, म्हणजे १६६३. मी हिशेब करीत असतानाच डावीकडून हळू आवाज आला, “माघ आहे. चौसष्ट.” मी तिच्याकडे पाहिलेही नाही. ती पुन्हा म्हणाली, “अरे, माघ...” मी हाताने तिला थांबवले. घड्याळ चालले होते. मी ध्वनिक्षेपक तोंडाशी धरला आणि मोठ्या, स्पष्ट, कोटवाल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “सोळाशे त्रेसष्ट.”

प्रश्नकर्त्यांनी मान हलवली आणि प्रश्न फिरून राजगडाकडे गेला. त्यांनी क्षणभर कुजबुज केली आणि सांगितले, “सोळाशे चौसष्ट.” पाच गुण. टाळ्या पडल्या. आम्ही दहा गुणांनी हरलो.

माझे काय चुकले ते येथे नीट सांगायला हवे, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते पदोपदी लागते. शालिवाहन शक बदलतो तो चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे गुढीपाडव्याला. इसवी सन बदलतो तो १ जानेवारीला. पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवले की उत्तर बरोबर येते. पण १ जानेवारी उजाडली की इंग्रजी साल एकाने पुढे जाते आणि शक मात्र पुढच्या पाडव्यापर्यंत जुनाच राहतो. म्हणून त्या तीन महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. माघ आणि फाल्गुन हे महिने या पट्ट्यात येतात. पौषाचे तर काही दिवस अलीकडे आणि काही पलीकडे पडतात, म्हणून तेथे तिथी पाहूनच ठरवावे. माघ शुद्ध पंचमी, शके १५८५, म्हणजे २३ जानेवारी १६६४. शिवराज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला झाला. तेथे ७८ मिळवून १६७४ हे साल बरोबर येते. पण जेधे शकावलीत शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. तेथे ७८ मिळवाल तर १६२९ येईल. ७९ मिळवले तरच १६३० येते.

याच्याही पलीकडे एक गुंता आहे. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी ज्यूलियन कालगणना पाळली. पोर्तुगालने १५८२ मध्येच नवी ग्रेगोरियन गणना स्वीकारली होती. सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. म्हणजे सुरतेच्या वखारीतला इंग्रज आणि गोव्यातला पोर्तुगीज एकाच दिवशी पत्र लिहायला बसले, तरी दोघांच्या कागदांवर तारखा निरनिराळ्या पडत. आपण महाराजांची जन्मतारीख १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो ती जुन्या गणनेची. नव्या गणनेने तोच दिवस १ मार्च होतो. आणि या जन्मतारखेचा वाद तर सर्वांना ठाऊक आहे. १६२७ मधील वैशाखाची तिथी मानणारे अभ्यासक होऊन गेले, १६३० मानणारेही होऊन गेले. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली, तरी तिथीने जयंती साजरी करणारे आजही आहेत.

मग प्रश्नकर्त्याने करावे काय? प्रश्नमंजूषेला एकच उत्तर लागते आणि इतिहासात पुष्कळदा साधनाबरोबर उत्तर बदलते. यावर उपाय एकच: प्रश्न नीट घडवणे. “महाराजांचा जन्म कधी झाला?” असे न विचारता “जेधे शकावलीनुसार कधी झाला?” असे विचारावे. मग उत्तर एकच राहते, आणि मुलाच्या कानावर हेही पडते की इतिहासातली तारीख आकाशातून पडत नाही, ती कोणीतरी कोठेतरी लिहून ठेवलेली असते. यंदाच्या आपल्या स्पर्धेत सरांनी प्रश्न काढताना हे पथ्य पाळले होते, याचा मला विशेष आनंद वाटला.

आता पुन्हा त्या दिवसाकडे येतो. परतीच्या एस. टी.त कोणी बोलत नव्हते. गुरुजींनी भेळेचा पुडा पुढे केला, मी घेतला नाही. शेवटी मीच तिला विचारले, “तुला कसं कळलं?” ती म्हणाली, “माघ शुद्ध पंचमी म्हणजे वसंतपंचमी. ती दरवर्षी संक्रांतीनंतर येते. संक्रांत जानेवारीत. म्हणजे इंग्रजी साल बदललेलं असणारच. आजी सगळे सण म्हणून दाखवते ना, चैत्रापासून.” मी अठ्ठ्याहत्तरचे सूत्र पाठ केले होते. तिने वर्ष पाहिले होते. सायकलवाल्या गड्याने तलाव पाहिला होता. आमच्या संघाजवळ राजगडाहून काही कमी नव्हते. उत्तर आमच्याच टेबलावर होते, माझ्या डाव्या कानापासून एक वीत अंतरावर. ते ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचले नाही, कारण मध्ये मी बसलो होतो.

गुरुजी मला रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त एक नवा नियम घातला. सराव करताना कर्णधाराने सर्वांत शेवटी बोलायचे. आधी डावीकडच्याने उत्तर सांगायचे, मग उजवीकडच्याने, आणि प्रत्येकाने उत्तराबरोबर एका शब्दात कारण द्यायचे. कारणाशिवाय उत्तर चालायचे नाही. दोघांची उत्तरे वेगळी आली, तर ज्याचे कारण पक्के त्याचे घ्यायचे. ज्याचा आवाज मोठा, त्याचे नाही. हे सगळे दहा सेकंदांत. पहिले काही दिवस आमची फार तारांबळ उडाली. घड्याळ संपे आणि आम्ही कारणेच सांगत बसलेले असू. हळूहळू जमू लागले. “माघ, म्हणून चौसष्ट” याला दोन सेकंदही लागत नाहीत. ऐकणाऱ्याची तयारी मात्र हवी.

दहावीच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. ढाल याही वेळी मिळाली नाही, तिसरे आलो. परंतु त्या दिवशी एकही उत्तर आमच्या टेबलावर न बोलता राहिले नाही. लग्नपत्रिकांचा गठ्ठा मी या खेपेस पिशवीत लपवला नव्हता, टेबलाजवळ उघडा ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत कोटवाल्या शाळेतला एक मुलगा तो कुतूहलाने चाळून गेला आणि जाताना म्हणाला, “भारी आयडिया आहे.” आम्हाला ते प्रशस्तिपत्रकाइतके वाटले.

म्हणून माझ्या वर्गमित्राला माझे उत्तर असे आहे. एकेकट्याने उत्तरपत्रिका लिहायची असेल तर पाठांतर पुष्कळ उपयोगी पडते, पोपटालाही थोडेफार गुण मिळतील. पण सांघिक प्रश्नमंजूषा ही तीन पोपटांची बेरीज नव्हे. तीन घरांतून, तीन वाटांनी आलेले ज्ञान दहा सेकंदांत एकमेकांपुढे मांडायचे, तोलायचे, आणि त्यातले खरे ते उचलायचे, असा हा खेळ आहे. इतिहासकार तरी दुसरे काय करतो? त्याच्यापुढेही एक बखर असते, एक शकावली असते, एक परकीयाचे पत्र असते. एकाचा आवाज मोठा असतो, एकाचा अगदी हळू. मोठ्या आवाजाचे तेच खरे मानले की त्याचाही सोळाशे त्रेसष्ट होतो. फरक इतकाच की त्याच्याजवळ दहा सेकंदांहून अधिक वेळ असतो, म्हणून त्याला सबबही कमी.

पुढील वर्षी जे विद्यार्थी आपापल्या गावच्या शाळांना या स्पर्धेसाठी मदत करणार आहेत, त्यांना अनुभवाने एवढेच सांगतो. वर्गात पहिला येतो म्हणून कोणाला कर्णधार करू नका, ज्याला ऐकता येते त्याला करा. संघ निवडताना तिघे एकाच तऱ्हेचे हुशार घेऊ नका. मुलांना गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवा, बारवेवरचा शिलालेख वाचायला लावा, आजीकडून बारा महिने म्हणून घ्या. आणि सराव घेताना सर्वांत हळू बोलणाऱ्या मुलाशेजारी जाऊन बसा.

यंदा वेळाधिकारी म्हणून बसलो असता, एका संघात मधल्या मुलाने शेजारच्या मुलीला हाताने थांबवलेले मी पाहिले. नेमके तसेच, माझ्यासारखेच. नियमाप्रमाणे मला काही बोलता येत नव्हते. दहा सेकंद झाले आणि मी घंटी वाजवली. ती मुलगी काय सांगणार होती, ते मला अजून ठाऊक नाही.

आमच्या संघातली ती मुलगी सध्या दुसऱ्या गावी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. गेल्या दिवाळीत एस. टी. स्थानकावर अचानक भेटली. घरच्या चौकश्या झाल्या, आणि मग न राहवून मी म्हणालो, “ते चौसष्टच होतं.”

ती हसली. “मला माहीत होतं की.”

“मग जोरात का नाही सांगितलंस?”

तिची गाडी लागली होती. पिशवी उचलत ती म्हणाली, “तू विचारलंस कुठे?”